थेरडी आणि थेरी

मराठीत ‘थेरडी’ म्हटलं की भांडण ठरलेलंच. पण या शिवीचं कूळ मोठं घरंदाज. संस्कृत ‘स्थविर’ म्हणजे स्थिरावलेला, वयोवृद्ध. पालीत त्याचा ‘थेर’ झाला, स्त्रीलिंगी ‘थेरी’. बौद्ध संघात हा मानाचा शब्द. तिथलं थोरपण पिकल्या केसांवर नव्हे, तर दीक्षेला किती वर्षं झाली यावर ठरे. भिक्षुणींच्या रचनांच्या पाली संग्रहाचं नावच ‘थेरीगाथा’. मराठीनं त्याच थेराला ‘डा’, ‘डी’ हे हिणवणारे प्रत्यय जोडले आणि मान गेला.

‘म्हातारी’चीही गत फार वेगळी नाही. मूळ ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा. जुन्या काळी गावच्या प्रमुखालाही महत्तर म्हणत. ‘म्हात्रे’ आडनाव त्यातलंच. आता रुईच्या बोंडातून उडणारी पांढरी पिसंही म्हातारीच! (हा वापर मला तरी गोड वाटतो.)

‘आजी’ मात्र बचावली. ‘आर्या’चं प्राकृत ‘अज्जा’, त्यातून ती आली. दिगंबर जैन साध्वींना आजही ‘आर्यिका’ म्हणतात, म्हणजे त्या आपल्या आजीच्या नात्यातल्याच. घरात रोज लाडानं हाक मारली जात असल्यामुळेच बहुधा तिला ‘डी’ चिकटला नाही.