टिफ्रॅक ते अजित : मुंबई संगणकाची रचना कशी शिकली?

१/ मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्राला ‘डिजिटल लॉजिक अँड कॉम्प्युटर आर्किटेक्चर’ हा विषय आहे. आज उपनगरांतील महाविद्यालयांत तो पाठ्यपुस्तकातून शिकला जातो. याच शहरात एकेकाळी काही माणसे तो यंत्र बांधता बांधता शिकली. त्या प्रवासाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आधी विषयाचे सूत्र. विजेच्या दोन अवस्था म्हणजे ० आणि १. त्यांवर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा तार्किक क्रिया करणारी सर्किटे म्हणजे लॉजिक गेट. गेट जोडून बेरीज करणारे सर्किट तयार होते, तशा सर्किटांतून गणनविभाग उभा राहतो आणि त्याला स्मृती व नियंत्रण यांची जोड मिळाली की संगणक सिद्ध होतो.

३/ १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेतून गणितातील डॉक्टरेट घेऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. होमी भाभांच्या या संस्थेने स्वतःचा संगणक घडवण्याचे ठरवले होते. सुरुवातीचा गट अवघ्या सहा जणांचा. बहुतेकांचे शिक्षण पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्सचे. संगणक बांधण्याचा अनुभव एकालाही नव्हता.

४/ भारतात संगणक अभियांत्रिकीची पदवी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. अमेरिकेत मात्र जॉन फॉन नॉयमन यांच्या गटाचे अहवाल १९४६पासून प्रसिद्ध होत होते. आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच स्मृतीत ठेवावेत, ही त्यांतील कल्पना जगभरच्या संगणकगटांना दिशा देत होती. आजचे विद्यार्थी तीच कल्पना त्यांच्याच नावाने शिकतात.

५/ मुंबईच्या गटाने थेट मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक लहान चाचणी यंत्र बांधले. त्यातील प्रत्येक शब्द १२ बिटांचा, स्मृती २५६ शब्दांची. १९५६ साली ते चालू झाले. कागदावरचा आराखडा प्रत्यक्षात उतरतो की नाही, हे पाहणे हाच त्याचा हेतू. एका अर्थाने ती या शहरातील या विषयाची पहिली प्रयोगशाळा होती.

६/ पूर्ण यंत्र १९६०च्या फेब्रुवारीत कार्यान्वित झाले. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. मुख्य भाग १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेला. शब्द ४० बिटांचा, म्हणजे बेरीज करताना ४० स्थानांचा हातचा सांभाळणारे सर्किट आले.

७/ स्मृती २,०४८ शब्दांची. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात, आणि प्रत्येक बिटासाठी फेराइटचे एक इवलेसे कडे. कड्याचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर ०, उलट दिशेला असेल तर १. आजच्या हिशेबात ही स्मृती १० किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

८/ या कड्यांची एक खोड होती. साठवलेला बिट वाचला की तो पुसला जाई. म्हणून प्रत्येक वाचनानंतर तो लगेच पुन्हा लिहावा लागे. पाठ्यपुस्तकात हा एका ओळीचा मुद्दा आहे. यंत्र चालवून दाखवायचे असेल तर मात्र त्याच ओळीसाठी वेगळे सर्किट आखावे लागते आणि क्षणाचा काटेकोर मेळ जमवावा लागतो.

९/ १९६२ साली पंडित नेहरूंनी या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते बनले आहे. शास्त्रज्ञांची किचकट गणिते त्यावर सुटू लागली. पण काळ थांबला नव्हता. आयबीएमने १९५९ मध्येच १४०१ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक जाहीर केला होता. टिफ्रॅक जन्मतःच एका पिढीने मागे पडला.

१०/ १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा बलाढ्य अमेरिकन संगणक आला आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. हा निर्णय व्यवहार्य होता. संशोधकांना उत्तरे त्वरित हवी होती. सर्किटे जुळेपर्यंत थांबणे त्यांना परवडणारे नव्हते. मात्र त्याबरोबर संगणक ही बांधण्याऐवजी वापरण्याची वस्तू होऊ लागली.

११/ मग टिफ्रॅकचा प्रयोग वाया गेला का? यंत्रापुरते पाहिले तर आयुष्य अल्प ठरले. माणसांपुरते पाहिले तर हिशेब वेगळा निघतो. नरसिंहन पुढे इलिनॉय विद्यापीठात इलियाक-३ या संगणकाच्या कामात सहभागी झाले. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते.

१२/ बांधण्याची परंपरा पुढे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने चालवली. तेथे आकाराला आलेला टीडीसी-१२ हा ट्रान्झिस्टरवर आधारित १२ बिटांचा संगणक १९६९ साली चालू झाला. टीडीसी म्हणजे ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’. त्याचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलकडे गेले. त्याच मालिकेत पुढे टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ आले.

१३/ उपनगरांत वेगळेच वारे वाहत होते. १९५८ साली सुरू झालेली आयआयटी सोव्हिएत साहाय्याने पवईत उभी राहिली. तिचा मिन्स्क-२ हा संगणकही सोव्हिएत संघातून आलेला. १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले आणि कालांतराने सॉफ्टवेअरसाठी नावारूपाला आले. १९८५ साली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी स्थापन झाले आणि जुहू हा त्याचा पत्ता झाला.

१४/ नोकऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या आणि शिक्षणही तिकडे वळले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. विद्याविहारचे सोमैया अभियांत्रिकी आणि वांद्र्याचे थडोमल शहाणी ही त्याच वर्षीची. मध्यमवर्गीय घरांतील मुलांसाठी संगणकाचे शिक्षण लोकलच्या अंतरावर आले.

१५/ संधीचा हा विस्तार मोठाच होता. परंतु लॉजिक आणि आर्किटेक्चर यांचे स्थान त्यात आक्रसत गेले. परदेशी प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम लिहिण्यासाठी तो प्रोसेसर घडवता येण्याची गरज नसते. आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे, ती अमलात आणणे हे चक्र अनेकांसाठी उत्तरपत्रिकेतील आकृतीपुरते उरले.

१६/ तरी एक धागा तुटला नाही. बोरिवली-मुलुंडची मुले प्रोजेक्टच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड गाठत राहिली. ७४०० या चौदा पायांच्या आयसीत चार नँड गेट असतात. नऊ नँड गेटांतून, म्हणजे अशा तीन आयसींतून, हातच्यासह एका बिटाची बेरीज करणारे सर्किट बनते. टिफ्रॅकच्या गटाला हीच बेरीज ट्यूबच्या आधारे जमवावी लागली होती.

१७/ २०१९ साली पवईतून ‘अजित’ या ३२ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरची घोषणा झाली. आयआयटीतील प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या छोट्या चमूने तो रचला. आज्ञासंच स्पार्क या खुल्या मानकाचा. आतली रचना त्यांची स्वतःची. चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडली. वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ.

१८/ बाजारातील चिपांपुढे हा वेग फार थोडा, जसा टिफ्रॅक १९६० साली जगापुढे मागे होता. दोन्ही वेळी मूळ कमाई होती ती संगणक आतून उकलून पुन्हा रचता येणाऱ्या माणसांची. अशी माणसे आयात करता येत नाहीत. तिसऱ्या सत्राचा तो पेपर घोकून सुटतोही. पण ब्रेडबोर्डवर तीन आयसी जोडून पहिली बेरीज बरोबर आणणारा विद्यार्थी १९५४ मध्ये सुरू झालेल्या कामातलीच एक पायरी चढत असतो. (समाप्त)