ऊन आणि उजेड : एका उपचाराचा इतिहास

अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या फर्दापुरात वैशाखातील दुपारी घराबाहेर पडलेला मनुष्य ‘ऊन लागले’ असे म्हणतो. ‘उजेड लागला’ असे म्हणत नाही. ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’च्या द्वारे मराठीत आला. सूर्यप्रकाशाची ओळख आपण अशी त्याच्या तापावरून करून घेतली आहे. जवळच्या लेण्यांत शिरताच मात्र दोहोंची फारकत होते : ऊन दाराशी थांबते, उजेड आत येतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारावरील प्रकाशोपचाराचा इतिहास हा याच फारकतीचा इतिहास होय.

या विकारात मेंदू व मज्जारज्जू यांतील चेतातंतूंचे आवरण झिजते. 1868 मध्ये शार्को याने पॅरिस येथे त्याचे व्यवस्थित वर्णन केले व रुग्णांची स्मृती दुबळी आणि विचार मंद होतो, हेही नोंदविले. पुढे दीर्घकाळ लक्ष राहिले ते चाल व दृष्टी यांवरच. थकवा डोळ्यांस दिसत नाही. म्हणून तो आळस ठरला. 1890 मध्ये उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यास श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते असे आढळले. शरीराचे तापमान वाढणे हे त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. रुग्णास ऊन पाण्यात बसवून निदान करण्याची पद्धतही काही काळ रूढ होती.

प्रकाशोपचाराची परंपरा निराळी. कोपनहेगन येथे फिन्सेन याने त्वचेच्या क्षयावर विद्युत्‌दीपाच्या किरणांचा उपयोग केला. त्यास 1903 चे नोबेल पारितोषिक लाभले. किरणांतील उष्णता तो पाण्याच्या योगे गाळून घेत असे, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची. 1984 मध्ये हिवाळी खिन्नतेवर तीव्र प्रकाशाचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि उपचाराचे द्वार त्वचेऐवजी नेत्र ठरले. नेत्रपटलातील काही पेशी स्वतःच प्रकाशग्राही असून निद्रा-जागृतीचे चक्र नियमित करतात, हे 2002 मध्ये दिसून आले. थकवा व आकलन यांवर प्रकाशाने परिणाम होईल, ही आशा यावरच उभी आहे.

तथापि आशा म्हणजे सिद्धी नव्हे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तीव्र प्रकाश व मंद तांबडा प्रकाश अशा दोन्ही गटांतील रुग्णांचा थकवा उतरला. दोहोंत निर्णायक भेद आढळला नाही.

महाराष्ट्रास हा विकार परका नाही. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजातील त्याच्या आढळाचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच, 1985 मध्ये, तेथे रुग्णांसाठी संस्था स्थापन झाली होती. तेव्हा उत्तरेकडील सूर्यहीन देशांतला सल्ला मराठीत आणताना शब्द जपून योजिला पाहिजे. ‘उजेडात बसा’ याचे भाषांतर कोणी ‘उन्हात बसा’ असे केले, तर फर्दापूरच्या वैशाखात थकलेला रुग्ण अधिकच खचेल.