दादीचा सिनेमा आणि बांद्र्याचं ड्राइव्ह-इन

पाचगणीच्या पारसी पॉइंटवर संध्याकाळी गाड्या दरीकडे तोंड करून ओळीने उभ्या राहतात. खाली धोम धरणाचं पाणी, कृष्णेचं खोरं. काही पाहुणे गाडीतून उतरतच नाहीत. काचा खाली करून कणसं खात अंधार पडेपर्यंत बसून राहतात. ते पाहिलं की मला दरवेळी बांद्र्याचं ड्राइव्ह-इन थिएटर आठवतं, आणि त्याच्याबरोबर माझी दादी.

1990 साली रमजान ईद एप्रिलच्या शेवटी आली होती. शाळेला सुट्टी. ईद झाल्यावर आम्ही एस.टी.ने मुंबईला, बेहरामपाड्यात चाचांकडे गेलो. चाचा काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. गाडी त्यांची नव्हती, मालकाला रोजचे पैसे द्यावे लागत, गाडी चालो वा न चालो. तरी एका रात्री त्यांनी मीटरवर फडकं बांधलं आणि म्हणाले, "चलो, अम्मा को सिनेमा दिखाते."

दादी थिएटरात जात नसे. अंधारात परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, हे तिला मान्यच नव्हतं. चाचांनी तिला समजावलं की थिएटर नाहीच ते, मैदान आहे, आणि तुम्ही आपल्याच गाडीत बसणार. मगरिबची नमाज आटोपून आम्ही सातजण त्या फियाटमध्ये कोंबून बसलो. कलानगरच्या पलीकडे मोठं मोकळं मैदान, समोर इमारतीएवढा पडदा. खिडकीच्या काचेला स्पीकर अडकवायचा, आवाज त्यातूनच. माझ्या चुलतभावांनी तो पडदा आधी कुंपणाबाहेरून पाहिला होता, मुका. आवाजासकट सिनेमा त्यांच्यासाठीही पहिलाच. दादी मागच्या सीटवर खिडकीशी. तिने पदर सारखा केला आणि अर्धा वेळ पडदा, अर्धा वेळ शेजारच्या गाड्यांमधली माणसं बघितली. कोणी डबा उघडला, कोणाचं मूल रडलं, सगळ्याची तिने नोंद ठेवली.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. न्यू जर्सीतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने घराच्या अंगणात दोन झाडांना चादर बांधली, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि प्रयोग सुरू केले. पाऊस पडला तर काय होईल हे पाहायला त्याने गाडीवर बागेतला पाण्याचा फवारा सोडला. खरी अडचण वेगळीच होती. पुढची गाडी मागच्याच्या नजरेआड येते. त्याने पुढच्या चाकांखाली ठोकळे ठेवून कोन शोधला, आणि त्यातून उताराच्या वरंब्यांवर गाडीचं नाक वर करून उभं करायची पद्धत निघाली. 6 जून 1933 ला कॅम्डेन गावाजवळ पहिलं थिएटर उघडलं. गाडीला 25 सेंट, माणशी 25 सेंट. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती.

आपल्याकडे 1973 मध्ये अहमदाबादला एक सुरू झालं, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत बांद्र्याचं. तेव्हा सामान्य माणसाकडे गाडी कुठली? रस्त्यावर मुख्यतः फियाट आणि अँबॅसिडर, तीही नंबर लावून मिळायची. मग मोटारवाल्यांचं थिएटर काढायचा धीर कसा झाला? मला वाटतं, जागेमुळे. मिठी नदीच्या काठचा तो पट्टा दलदलीचा, खाडीचा. वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन एम.एम.आर.डी.ए.कडे 1977 मध्ये सोपवलं गेलं, काचेच्या इमारती नंतर आल्या. ज्या जमिनीला मोल नाही तिच्यावर गाड्या उभ्या करून सिनेमा दाखवणं परवडतं. एरवी हा धंदा विचित्रच. दिवसा उजेडात खेळ नाही, पावसाळ्याचे चार महिने हाल.

पण दादीच्या दृष्टीने पाहिलं तर हिंदुस्थानात ही सोय हॉलिंग्सहेडच्या बरीच आधीची आहे. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवली गेली. थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, आणि तिथल्या जाहिरातीत गोषातल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स असल्याचं छापलं होतं. म्हणजे सिनेमा या देशात आला त्याच महिन्यात बायकांच्या आडोशाचा प्रश्नही आला. आणि गोषा केवळ मुसलमानांचा नव्हे, आमच्या साताऱ्याकडच्या सरदार घराण्यांतही तो होता. पुढे कित्येक शहरांत खास स्त्रियांचे खेळ होत राहिले. बॉक्स मात्र पैसेवाल्यांचा. टॅक्सीवाल्याच्या आईला तो मिळाला तो चाकांवर, एका रात्रीपुरता, मालकाच्या गाडीत.

व्हिडिओ आला, केबल आली, मग मल्टिप्लेक्स. त्याहून जास्त घात केला तो जमिनीने. ज्या दलदलीला कोणी विचारत नव्हतं ती देशातल्या सर्वांत महागड्या जागांपैकी एक झाली. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांद्र्याचं ड्राइव्ह-इन बंद पडलं, पाडलं गेलं. त्या जागेवर मॉल उभा राहिला आणि 5 नोव्हेंबर 2021 ला त्याच्या गच्चीवर नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं, 290 गाड्यांचं. जमिनीवर परवडत नाही म्हणून सिनेमा गच्चीवर चढवला, हे मला गंमतशीर वाटतं आणि थोडं खटकतंही. वर जायला गाडी हवीच. कुंपणाबाहेरून मुका सिनेमा बघायची सोय गच्चीला नाही.

चाचांची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तसल्या टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. चाचांनी त्याच्या कितीतरी आधी धंदा सोडला होता. त्या रात्रीचे मालकाचे पैसे त्यांनी पुढचा आठवडाभर जादा फेऱ्या मारून भरले, हे मला फार उशिरा अम्मीकडून कळलं.

दादी पाचगणीला परतली आणि शेजारणींना त्या सिनेमाची गोष्ट वर्षभर सांगत राहिली, मध्येमध्ये शेजारच्या गाडीतल्या बाईने काय डबा आणला होता तेही घालून. मात्र कोणी विचारलंच तर शेवटपर्यंत ठासून म्हणायची की आपण जन्मात थिएटरात पाय ठेवला नाही. आम्ही मुलं एकमेकांकडे बघून हसायचो, पण तिला खोटं पाडता येत नसे. त्या रात्री ती टॅक्सीतून उतरलीच नव्हती.