'असाध्य' या शब्दाची सीमारेषा

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शल्यक्रियेचा इतिहास सामान्यतः ५ एप्रिल १९३३ या दिवसापासून सांगितला जातो. सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी जेम्स गिलमोर या डॉक्टराचेच संपूर्ण डावे फुप्फुस काढले. रुग्ण पुढे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये याच रोगाने निवर्तले. या कथेतील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. ग्रॅहॅम यांनी छेदलेल्या बुंध्यात रेडॉनचे कण रोवून ठेवले होते. म्हणजे शस्त्र आणि किरण यांची सांगड प्रथमपासूनच होती.

प्रश्न होता तो क्रमाचा. डॅलस येथील शॉ व पॉलसन यांनी १९६१ मध्ये फुप्फुसाच्या शिखराशी वाढून बरगड्या व मज्जातंतू ग्रासणाऱ्या, तोवर असाध्य गणलेल्या अर्बुदांवर आधी किरण व काही आठवड्यांनी शल्यक्रिया अशी पद्धती मांडली. किरणांनी गाठ आकसते. परंतु उती चिवट होतात, रक्तवाहिन्या सुट्या करणे कठीण जाते आणि श्वासनलिकेचा टाका भरून येण्यास विलंब लागतो. म्हणून फार लवकर वा फार उशिरा शस्त्र धरणे दोन्ही अहितकारक.

रसायनोपचारास निर्णायक आधार मिळाला तो १९९४ मध्ये. बार्सिलोना येथे रोझेल व ह्यूस्टन येथे रॉथ यांनी प्रत्येकी साठ रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत आधी औषधे घेतलेल्यांचे आयुर्मान अधिक आढळले. साठ ही संख्या लहान, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर २००९ मध्ये अल्बेन व सहकाऱ्यांनी ३९६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात रसायन-किरणोपचारानंतर शल्यक्रिया केल्याने एकूण आयुर्मान वाढल्याचे सिद्ध झाले नाही. संपूर्ण फुप्फुस काढलेल्या ५४ पैकी १४ रुग्ण दगावले. केवळ एक खंड काढलेल्या ९८ पैकी एकच. 'शल्यक्रिया करावी की नाही' यापेक्षा 'किती करावी व कोणावर' हा प्रश्नच खरा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा क्रम पाळावयाचा तर औषधे, किरणयंत्र व वक्षशल्यतज्ज्ञ ही तिन्ही एका रुग्णालयात, किमान एका सूत्रात असावी लागतात. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा कुंभार पिंपळगाव निजामाच्या राज्यात होते. रुग्णास मुंबई म्हणजे परमुलूखच! मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी अंतर तेवढेच राहिले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, पण कर्करुग्णाची वाट बदलली नाही. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, शासकीय कर्करोग रुग्णालय झाले ते २०१२ मध्ये.

त्यातच आपल्याकडे दीर्घ खोकला व रक्ताची थुंकी दिसताच प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती अवास्तवही नव्हे. परंतु क्षयाच्या गोळ्यांत गेलेले महिने परत मिळत नाहीत. जी गाठ एका खंडापुरती काढता आली असती ती तोवर छातीच्या मध्यभागी पोहोचते, आणि घनसावंगी तालुक्यातून आलेल्या रुग्णापुढे उरतो तो संपूर्ण फुप्फुस काढण्याचा पर्याय, किंवा तोही नाही.