किल्लारी, नांदेड आणि निर्णयाचा धडा

शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो. नेहमी खरे बोलावे, दुसऱ्याच्या उपयोगी पडावे. याबद्दल वर्गात कोणाचे दुमत नसते. अडचण येते ती प्रत्यक्ष प्रसंगात. माहिती अपुरी असते, वेळ थोडा असतो आणि दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच साधणार असते. तेव्हा काय करावे, हे सुविचार सांगत नाही. नववी-दहावीच्या मुलांना असा विचार करायला शिकवता येईल का? मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातला एक प्रसंग त्यासाठी उपयोगी पडेल. भूकंप का होतो हे पाठ्यपुस्तकात असतेच. येथे आपण भूकंपाच्या आधी आणि नंतर माणसांपुढे आलेल्या निर्णयांकडे पाहू.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी (ता. औसा) आणि आसपासच्या गावांना ऑगस्ट १९९२ पासून लहान हादरे जाणवू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला सर्वांत मोठा, सुमारे ४ रिश्टरचा. पुढच्या काही महिन्यांत हादरे विरळ झाले. दख्खनचा हा भाग प्राचीन, कठीण खडकाचा आणि म्हणून स्थिर समजला जाई. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

वर्गात सांगताना येथे थांबावे. पुढे काय झाले ते सांगू नये. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत : भूशास्त्रज्ञ, तालुक्याचे अधिकारी आणि गावकरी. प्रत्येक गटाने आपण काय करू ते कारणांसह लिहून द्यावे. गाव रिकामे करायचे, तर किती दिवस? पेरणी-काढणीचे काय, गुरांचे काय, म्हातारी माणसे आणि बाळंतिणी कोठे राहतील? काही करायचे नाही असे ठरवले, तर ते कशाच्या भरवशावर? लहान हादऱ्यांच्या मालिका बहुतेक वेळा आपोआप शमतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक असते. पण क्वचित एखादी मालिका मोठ्या भूकंपाची नांदी ठरते, हेही ठाऊक असते. दोहोंतला फरक आधी ओळखण्याची खात्रीची रीत तेव्हा नव्हती, आजही नाही.

कागद गोळा झाल्यावर पुढची हकिकत सांगावी. २९ सप्टेंबर १९९३ ला गणेशविसर्जन झाले. त्याच रात्री, म्हणजे ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ रिश्टरचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली.

हे ऐकताच वर्ग बहुधा एकमताने म्हणेल, ‘गाव आधीच हलवायला हवे होते.’ तेव्हा दुसरी गोष्ट सांगावी. किल्लारीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नांदेड शहरात नोव्हेंबर २००६ पासून असेच हादरे बसू लागले. जमिनीतून आवाज येत, लोक घाबरून रस्त्यावर येत. किल्लारीची आठवण ताजी होती. हादरे थांबून थांबून पुढेही येत राहिले. त्यातला मोठ्यात मोठा ३ रिश्टरच्या आसपासचा होता. मोठा भूकंप झाला नाही. नांदेड वर्षभर रिकामे ठेवले असते, तर आज आपण त्या निर्णयाला काय म्हटले असते?

दोन्ही ठिकाणची सुरुवात सारखी आणि शेवट निराळा. शेवट कळल्यावर निर्णय बरोबर की चूक हे ठरवणे सोपे असते, पण निर्णय घेणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. म्हणून त्या वेळी काय माहीत होते, काय माहीत करून घेता आले असते आणि कोणत्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागणार होती, हे तीन प्रश्न विचारून निर्णय तपासावा.

जगात इतरत्रही हा पेच आला आहे. चीनमधील हायचंग येथे ४ फेब्रुवारी १९७५ च्या भूकंपाआधी हादरे वाढत गेले. लोकांना घराबाहेर काढले गेले आणि प्राणहानी पुष्कळ टळली. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशानला तशी सूचना मिळाली नाही. तेथे सरकारी आकड्यांप्रमाणे २ लाख ४२ हजार माणसे मेली. इटलीतील लाक्विला शहरात २००९ मध्ये कित्येक महिने हादरे बसत होते. घाबरण्याचे कारण नाही, असा दिलासा एका अधिकाऱ्याने दिला. ६ एप्रिलला भूकंप होऊन ३०९ माणसे गेली. २०१२ मध्ये न्यायालयाने सहा शास्त्रज्ञ व त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. ‘भूकंप होईल की नाही हे सांगता येत नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वाक्ये निराळी आहेत. पहिल्याच्या जागी दुसरे बोलले, तर ऐकणाऱ्याचा निर्णय बदलतो. खरे बोलावे या सुविचाराचा अर्थ येथे चांगला उलगडतो.

गाव सोडणे किंवा काहीच न करणे, एवढेच दोन मार्ग होते का? मुलांच्या कागदांत तिसरा सापडतो का ते पाहावे. किल्लारी भागातली घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना धरून ठेवणारे लांब दगड बहुधा नसत. वर माळवद, त्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहत, पण धक्क्याने भिंत फुटली की सारा भार झोपलेल्या माणसांवर येई. माळवदाची माती कमी करणे, लाकडी खांब-तुळयांचे सांधे आवळणे, भिंतींना पट्टीने बांधून घेणे या उपायांना भूकंपाची तारीख माहीत असावी लागत नाही. हादरे शमले, तरी तो खर्च वाया जात नाही. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात हजारो गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुती अशाच पद्धतीने झाली.

त्याच कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे आणखी एक प्रश्न उभा राहिला. घर कसे असावे, हे कोणी ठरवायचे? दगडाची भीती बसलेल्या लोकांना सिमेंट-काँक्रीट हवे होते. दगडाचे घरही नीट बांधले तर टिकते, असे अभियंते सांगत होते. नव्या गावांत रस्ते सरळ झाले, पण जुनी गल्ली आणि शेजार मोडला. दुरुस्तीच्या गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या आणि लोकांचे म्हणणे कामापर्यंत पोहोचू लागले. भिंत किती ताण सोसेल, हे तज्ज्ञाने सांगावे. कोणाच्या शेजारी राहायचे, हे तेथे राहणाऱ्याने सांगावे. विद्यार्थ्यांना वाक्ये देऊन त्यांची अशी विभागणी करायला लावावी. कोणते वाक्य मोजून तपासता येते आणि कोणते आपल्याला काय महत्त्वाचे वाटते ते सांगते, हे ओळखता आले की वादाचा निम्मा गोंधळ कमी होतो.

या पाठाला दोन तासिका पुरतात. गुण द्यायचेच असतील, तर निष्कर्षाला देऊ नयेत, कारणांना द्यावेत. पहिले लिहून घेतलेले कागद शेवटी मुलांना परत करावेत आणि आता काय बदलाल ते त्याखाली लिहू द्यावे. किल्लारीचा शेवट कळला म्हणून मत बदलणारा विद्यार्थी आणि आपण एक प्रश्न विचारायला विसरलो म्हणून बदलणारा विद्यार्थी, यांतला फरक त्यांचा त्यांनाच दिसेल.

२००२ च्या सुधारित नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला. म्हणून पाठ संपल्यावर मुलांना घेऊन शाळेच्या इमारतीभोवती एक फेरी मारावी. भिंतींचे तडे, दाराजवळची कपाटे आणि बाहेर पडायची वाट पाहावी. जे दिसेल त्याची यादी करून मुलांनीच ती मुख्याध्यापकांकडे द्यावी.