पुरणपोळी : शेत, सण आणि आहार

होळीला पुरणपोळीच का? या प्रश्नाचे उत्तर पंचांगापेक्षा शेतात अधिक सापडते. फाल्गुनात रब्बीचा गहू आणि हरभरा घरात येतो. हिवाळ्यातील गुऱ्हाळांचा नवा गूळही तोवर मिळू लागलेला असतो. लवळे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, तो भाताचा पट्टा. तेथे भात रोजचा. गव्हाची पोळी पूर्वी सणासुदीचीच.

गव्हाशी आपली ओळख मात्र फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातीलच इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथील इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील वसाहतीत जळके धान्य मिळाले. त्यात जव मुख्य होते, पण गहूही होता. पुढे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (इ. स. ११२९) या ग्रंथात तापलेल्या खापरावर भाजायच्या 'मंडका'चे वर्णन येते. हेच आपले मांडे, पुरणपोळीचे जवळचे नातलग. खानदेशात आजही पुरणाचे मांडे उलट्या खापरावर भाजतात.

आता आहारशास्त्राकडे वळू. १०० ग्रॅम हरभरा डाळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, तर कणकेत १० ते १२ ग्रॅम. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते गहू पुरवतो. आवरण आणि पुरण अशी एकमेकांची उणीव भरून काढतात.

डाळ शिजल्यावर निथळून काढलेले पाणी म्हणजे कट. पाण्यात विरघळणारी 'ब' गटातील जीवनसत्त्वे आणि क्षार यांचा काही भाग कटात उतरतो. कटाची आमटी करून आपल्या आज्या-पणज्यांनी तो ताटात परत आणला.

गूळ मात्र बहुतांशी साखरच, आणि वर तुपाची धार. वर्षातून मोजक्या वेळा, शेतात राबणाऱ्या शरीराला ही ऊर्जा पचत असे. आज मैद्याची पोळी दुकानात बारमाही मिळते. तिच्यासोबत कट येत नाही आणि नांगरही धरावा लागत नाही.

म्हणून वर्गात आहाराचा पाठ घेताना पुरणपोळीवर 'पौष्टिक' किंवा 'अपायकारक' असा एकच शिक्का मारू नये. विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : पोळीसोबत काय खाल्ले? किती खाल्ले? त्या दिवशी अंगमेहनत किती झाली?