शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनातील सरकारी हिस्सा

कारखानदाराने शिकाऊ मुलास हाताशी घ्यावे आणि त्याच्या विद्यावेतनाचा काही भार सरकारी खजिन्याने उचलावा, हा शिरस्ता आज इतका रुळला आहे की त्याचे वय कोणी फारसे विचारीत नाही. कंपनी सरकारच्या १८५० च्या कायद्यात दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या पोरांना, फार तर सात वर्षांच्या करारनाम्याने कसबी माणसाकडे बांधून देण्याची तजवीज होती. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात असल्यामुळे तो अंमल इकडे आलाच नाही. येथे उस्ताद, शागीर्द आणि मुलाच्या बापाचा शब्द एवढ्याच आधारावर हुन्नर चालत आला.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्याने प्रत्यक्ष कामावरील शिक्षणाचा खर्च मालकावरच ठेवला. मात्र लहान मालकाच्या बाबतीत पायाभूत प्रशिक्षणाचा आवर्ती खर्च ठराविक मर्यादेपर्यंत सरकारने निम्मा सोसावा, असेही कबूल केले. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते उमेदवारीच्या कक्षेत आले आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्राकडे गेला. पुढच्या साऱ्या योजनांचे मूळ या निम्म्या वाट्यात आहे, असे माझे मत आहे.

२०१४ साली लहान उत्पादक उद्योगांतील उमेदवारांना पहिल्या दोन वर्षांचे निम्मे विद्यावेतन देऊ केले गेले. १९ ऑगस्ट २०१६ रोजी आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने तो वाटा चतुर्थांशावर, दरमहा कमाल १,५०० रुपयांवर आणला, पण क्षेत्र विस्तारले. पैसे आधी मालकाने द्यायचे, मग दावा दाखल करून परताव्याची वाट पाहायची, ही अट मोठ्या कारखान्याला सोसते, तालुक्याच्या गावातील दुकानाला नाही. २०२३ पासून केंद्राचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जाऊ लागला, हे म्हणूनच योग्य झाले.

बीडमध्ये कारखाने तुरळक; परळीचे औष्णिक वीज केंद्र, एसटीचे आगार, साखर कारखाने सोडले तर हुन्नर राहतो तो मोटार भरणाऱ्यांच्या आणि ट्रॉली जोडणाऱ्यांच्या दुकानांत. विहिरीतून वर काढलेली जळकी मोटार उकलून, जुन्या तारेची जाडी मापून, वेढे एकेक मोजून वहीत टिपणारा आणि तितकेच वेढे नव्या तांब्याने भरणारा मुलगा जे शिकतो, ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. परंतु २०१९ च्या नियमांनुसार चारांहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेता येत नाही, आणि अशा दुकानात बहुधा मालक व एखादा मदतनीस एवढेच असतात. ज्याच्याकडे शिकण्याजोगे सर्वांत अधिक आहे, त्यालाच मदतीच्या हद्दीबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्याने सहा महिन्यांसाठी शिक्षणानुसार सहा, आठ वा दहा हजार रुपये दरमहा सर्वस्वी स्वतःच्या खजिन्यातून थेट प्रशिक्षणार्थींना दिले, आणि ग्रामपंचायती व सरकारी कचेऱ्याही त्यांना सामावून घेणाऱ्या आस्थापना ठरल्या. कारखाने नसलेल्या जिल्ह्यात तरुणाला सहा महिन्यांचा आधार मिळाला, हे मोठेच; पण कचेरीत बसून फायली चाळणे आणि मोटार भरणे यांत जे अंतर आहे, ते या तिजोरीने अजून ओलांडलेले नाही.